फ्लॉरेन्स आणि तिचा परतलेला पुत्र

इटली देशात जाणारा आपल्याकडील यात्रेकरू रोमला जातो, असिसीला जातो, पादुआला संत अंतोनीच्या समाधीवर हात टेकवून येतो. आणि वेळ उरलाच तर वाटेत फ्लॉरेन्सला उतरतो. रोमहून निघालेली जलद आगगाडी दीड तासात तेथे पोहोचते. आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले ते शहर, त्याच्या कॅथेड्रलचा तांबड्या कौलांचा प्रचंड घुमट, त्याची चित्रे आणि शिल्पे यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. आम्ही मात्र वाचकांस आज शहराच्या पूर्वेकडील कांपो दि मार्ते नावाच्या वस्तीत नेणार आहोत. यात्रेकरू तिकडे सहसा फिरकत नाहीत. तेथे एक फुटबॉलचे क्रीडांगण आहे. घर सोडून गेलेला माणूस पुन्हा दाराशी उभा राहिला म्हणजे घरच्यांनी त्याला कसे वागवावे, हा आपल्या गावोगावचा प्रश्न त्या मैदानावर एके दिवशी हजारो लोकांपुढे उभा ठाकला होता, म्हणून आम्ही तेथे गेलो.

मुख्य स्थानकावरून लोकल गाडी धरली की काही मिनिटांत कांपो दि मार्ते येते. पीएर लुइजी नेर्व्ही या विख्यात स्थापत्यकाराने हे क्रीडांगण बांधले आणि १९३१ साली ते खेळासाठी खुले झाले. मुख्य सज्जावरचे छप्पर समोर एकाही खांबाचा आधार न घेता पुढे झेपावले आहे. बाहेरच्या अंगास गोल वळणे घेत चढणारे काँक्रीटचे जिने आहेत. आणि एक सडपातळ मनोरा दुरूनच लक्ष वेधून घेतो. २०२४ साली या जुन्या वास्तूच्या नूतनीकरणाचे काम सुरू झाले. जवळच्या फिएझोले गावाचे नाव लावणाऱ्या वक्राकार सज्जात संघाचे सर्वांत कडवे अनुयायी बसतात. बसतात म्हणण्यापेक्षा उभे राहून गातात म्हणणे अधिक खरे. १९२६ साली स्थापन झालेला फिओरेंटिना हा त्यांचा संघ. त्याचा सदरा जांभळा आणि छातीवर शहराचे चिन्ह असलेले कमळासारखे लिलीचे फूल. आम्हा धर्मगुरूंस जांभळा रंग म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा रंग. त्या शहरात तो अभिमानाचा रंग आहे.

या नगरीला खेळाचे वेड आजचे नाही. सांता क्रोचे या ख्रिस्तमंदिरापुढील चौकात वाळू पसरून दर जून महिन्यात शहराच्या चार विभागांमध्ये एक जुना, दांडगाईचा चेंडूचा खेळ होतो. प्रत्येक बाजूस २७ खेळाडू असतात, आणि अंतिम सामना २४ जून रोजी, शहराचा आश्रयदाता संत योहान बाप्तिस्ता याच्या सणाला खेळतात. १५३० साली सम्राटाच्या सैन्याने शहराला वेढा घातला असताना, १७ फेब्रुवारीस, नगरवासी याच चौकात हा खेळ खेळले. शत्रू वेशीवर आणि माणसे चेंडूमागे! त्यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी.

दोन पक्ष पडण्याची सवयही तितकीच जुनी. कविश्रेष्ठ दान्ते याच शहरात जन्मला. काळे आणि पांढरे अशा दोन पक्षांच्या भांडणात १३०२ साली त्याला हद्दपार करण्यात आले, आणि परत आल्यास देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे अपमानकारक अटींवर परतण्याची सवलत देऊ करण्यात आली, ती त्याने नाकारली. १३२१ साली तो राव्हेन्ना येथे वारला. मग शहराला पश्चात्ताप झाला. अस्थी परत मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. १८२९ साली सांता क्रोचेमध्ये त्याच्यासाठी भव्य समाधी उभारली गेली. ती आजही रिकामी आहे. राव्हेन्नाच्या खऱ्या समाधीवरील दिव्यासाठी फ्लॉरेन्स दरवर्षी तेल पाठविते. २००८ साली नगरपालिकेने ती जुनी शिक्षा रद्द करण्याचा ठराव मांडला, तेव्हा १९ मते बाजूने आणि ५ विरुद्ध पडली. सातशे वर्षांनंतरही एकमत नाही! अशा शहरात एका फुटबॉलपटूवरून तट पडले, यात नवल ते काय?

त्याचे नाव रॉबर्टो बॅजिओ. उत्तर इटलीतील काल्दोन्यो या गावी १९६७ साली तो जन्मला. १९८५ साली व्हिचेन्झाच्या संघातून त्याला घ्यायचे फिओरेंटिनाने ठरविले. आणि त्याच सुमारास त्याचा गुडघा असा दुखावला की खेळ कायमचा सुटतो की काय अशी भीती निर्माण झाली. व्यवहार मोडणे सोपे होते. फिओरेंटिनाने तो मोडला नाही. मोठी शस्त्रक्रिया झाली, पुढेही दुखणे उलटले. शहराने वाट पाहिली. मग तो खेळू लागला, आणि त्याच्या पायांतली कला पाहून लोकांनी त्याला पोटच्या पोरासारखे मानले. दुखण्यात ज्याची वाट पाहिली, त्याच्यावर माया अधिक जडते, हे घरात आजारी मूल सांभाळलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

ट्युरिन शहराचा युव्हेंटस हा धनाढ्य संघ फ्लॉरेन्सच्या लोकांना फार पूर्वीपासून डोळ्यांत सलणारा. १९९० च्या मे महिन्यात युरोपातील एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत याच युव्हेंटसने फिओरेंटिनाला हरविले. आणि ती जखम ओली असतानाच, अवघ्या दोन दिवसांनी, बॅजिओला युव्हेंटसला विकल्याची बातमी जाहीर झाली. त्याची किंमत त्या काळी जगात सर्वांत अधिक होती. लोक रस्त्यावर आले. संघाची कचेरी साव्होनारोला चौकात होती; तेथे दगड भिरकावले गेले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, सुमारे ५० माणसे जखमी झाली. ज्या साव्होनारोला धर्मबंधूला फ्लॉरेन्सने १४९८ साली फासावर चढवून जाळले, त्याच्याच नावाचा हा चौक, आणि मध्ये त्याचाच पुतळा! आधी फास आणि मागून पुतळा ही त्या नगरीची रीतच दिसते.

ही बदली आपल्याला स्वीकारणे भाग पडले, असे बॅजिओने सांगितले. युव्हेंटसचा मफलर गळ्यात घातला गेला तेव्हा त्याने तो काढून टाकला. लोकांचे समाधान झाले नाही. शहराच्याच कोव्हर्चियानो भागात जागतिक स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघाचे शिबिर भरले होते. संतापलेले लोक तेथेही गेले आणि त्याला शिव्याशाप देऊन आले. महिनाभराने झेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्याने केलेल्या अप्रतिम गोलाने सारा देश आनंदला, तेव्हा फ्लॉरेन्सच्या घराघरांतून टाळी वाजवावी की दात खावेत, हा पेच पडला असेल.

मग तो दिवस आला : ६ एप्रिल १९९१. पास्खा सण ३१ मार्चला होऊन गेला होता. ख्रिस्तमंदिरांतून जांभळी वस्त्रे घडी घालून ठेवली गेली होती आणि पांढरी निघाली होती. कांपो दि मार्तेच्या मैदानावर मात्र सर्वत्र जांभळेच होते. बॅजिओ युव्हेंटसच्या सदऱ्यात प्रथमच तेथे उतरला. चेंडू त्याच्या पायाशी आला की शिट्ट्यांचा कल्लोळ उठे. डियेगो फुझेरच्या गोलामुळे फिओरेंटिना एकाने पुढे होती. उत्तरार्धात बॅजिओलाच पाडल्याबद्दल पंचांनी युव्हेंटसला पेनल्टी दिली. पेनल्टी मारण्यात तो निष्णात. बरोबरी साधण्याची हीच संधी. त्याने फटका मारण्यास नकार दिला. लुइजी दे आगोस्तिनी पुढे झाला. त्याचा फटका गोलरक्षक मारेज्जिनीने अडविला. थोड्याच वेळात बॅजिओला बाहेर बोलाविले गेले. सज्जाच्या कडेने जाताना कोणी फेकलेला एक जांभळा मफलर त्याच्या वाटेत पडला. तो वाकला, त्याने तो उचलला आणि हातात घेऊन गेला. शिट्ट्यांत टाळ्या मिसळल्या. सामना फिओरेंटिनाने १-० असा जिंकला.

मारेज्जिनी आपल्या जुन्या संघातला, आपल्या फटक्यांची रीत ओळखणारा, म्हणून आपण बाजूला झालो, असे कारण बॅजिओने पुढे दिले. ते ऐकून दोन्ही शहरांत दोन-दोन पक्ष झाले.

क्रीडांगणाजवळच्या कॉफीच्या दुकानात आम्ही हा विषय काढला, तेव्हा दोन वृद्ध गृहस्थ एकाच वेळी बोलू लागले. एकाचे म्हणणे, त्या मफलरने सगळे फिटले. मुलगा परका झाला नव्हता. दुसऱ्याचे म्हणणे, मफलर उचलायला पैसे पडत नाहीत; जायचे नव्हते तर जायचे नव्हते. दुकानदार बशा पुसत ऐकत होता. हे दोघे तीस वर्षांवर असेच भांडत आले आहेत, आणि भांडून झाल्यावर कॉफीचे पैसे आळीपाळीने देतात, असे त्याने आम्हास हळूच सांगितले.

आमचे मत विचारले असते, तर आम्ही काय सांगितले असते? प्रथम सुचतो तो उधळ्या पुत्राचा दाखला. पण तो येथे लागू पडत नाही. हा पुत्र आपला वाटा मागून निघून गेला नव्हता. बायबलातील योसेफाप्रमाणे त्याला विकले होते, आणि ज्यांनी विकले त्यांच्याऐवजी शिट्ट्या त्याच्याच वाट्याला आल्या. तरी शिट्ट्या वाजविणाऱ्यांनाही आम्ही निष्ठुर म्हणणार नाही. व्यवहार करताना त्यांना कोणी विचारले नव्हते. दुखावलेल्या मायेला दुसरी भाषा सुचली नाही, एवढेच. परक्या खेळाडूवर कोण इतका रागावतो?

परंतु पेनल्टी आणि मफलर या दोन गोष्टी लोक एकाच मापाने मोजतात, ते आम्हास पटत नाही. ज्याची भाकरी खावी त्याचे काम करावे, हा साधा धर्म आहे. ट्युरिनच्या लोकांनी आपल्या संघावर जीव टाकला होता. तो फटका एकट्या बॅजिओचा नव्हता. आणि त्याने सोडलेले ओझे हवेत विरले नाही. ते दे आगोस्तिनीच्या खांद्यावर पडले. फटका चुकल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. कृतज्ञतेची किंमत आपण स्वतः द्यावी. शेजाऱ्याच्या खिशातून देऊ नये. मफलरची गोष्ट वेगळी. तो उचलला तेव्हा त्याचे त्या दिवसाचे काम संपले होते. ट्युरिनचे लोक त्यामुळेही रुसले. पण जुन्या घराची आठवण जपल्याने नव्या घराचे काही चोरीस जात नाही. सून सासरी मनापासून राबते आणि माहेरचे लुगडे पेटीत जपून ठेवते. त्या लुगड्यावरून तिच्याशी भांडणारे सासर शहाणे नव्हे.

वाचकहो, आपल्या गावांतही सणाच्या दिवसांत फुटबॉलचे सामने होतात. आपल्या वाड्यातला मुलगा शेजारच्या गावाकडून खेळला, तर रात्री जेवताना घरात दोन तट पडतात, हे आम्ही पाहिले आहे. आखातात गेलेला, परदेशी स्थायिक झालेला, मोठ्या शहरात नोकरी धरलेला कोणी सुट्टीत परत येतो, तेव्हा ख्रिस्तमंदिराच्या पायरीवरही असेच होते. कोणी मिठी मारतो, कोणी ‘आता आठवण झाली काय’ असे विचारतो. दोघांचीही माया खरी असते. ‘गेलास कशाला’ हा प्रश्न एकदा विचारावा, मोकळेपणाने विचारावा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. त्यानंतर मात्र दर सुट्टीला तोच प्रश्न विचारून त्याची पावले मागे फिरवू नयेत. दान्तेसाठी फ्लॉरेन्सने संगमरवरी समाधी उभारली, परंतु तोवर यायला माणूस उरला नव्हता. बॅजिओच्या वेळी तेथील एका माणसाने, शिट्ट्या चालू असतानाच, एक मफलर फेकला. त्या माणसाचे नाव कोणास ठाऊक नाही. पण वाकायला निमित्त त्याने दिले.