कोरमंगलाच्या तळ्यातील तबकड्या

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या डाव्या हाताला कोरमंगला नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. तिचे आठ भाग असून त्यांना तेथे ‘ब्लॉक’ म्हणतात. १९७६ साली बंगळूर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत येथे आखीव रस्ते, भूखंड व झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यापूर्वी हा भाग शेतांचा आणि तलावांचा होता. आज कोरमंगलाचे नाव घेतले की लोकांना आठवतात ते संगणकावर काम करणारे तरुण, उपाहारगृहे आणि दिवसभर हटत नाही अशी वाहनांची गर्दी. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली येथल्याच एका सदनिकेत सुरू झाली. परंतु मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीत वळले की गर्दीचा आवाज एकदम मागे पडतो. पिवळ्या-तांबड्या फुलांचा सडा, फाटकाशी काढलेली रांगोळी आणि दुपारच्या कॉफीचा वास अशी जुन्या बंगळूरची खूण तेथे अजून सापडते.

माझी मुलगी चौथ्या ब्लॉकमध्ये एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. पत्ता कळवताना तिने ‘एस. टी. बेड’ असे लिहिले होते. महाराष्ट्रात हयात घालवलेल्या माणसाला एस. टी. या दोन अक्षरांचा एकच अर्थ ठाऊक असतो. जवळपास बसगाड्यांचे आगार असणार, अशी माझी समजूत झाली. रिक्षावाल्याला मी तसे विचारताच तो मला मॅजेस्टिकच्या बसस्थानकाकडे परत नेऊ लागला. वस्तुतः ‘एस. टी.’ म्हणजे श्रीनिवागिलू टँक, अर्थात श्रीनिवागिलू तलाव, आणि ‘बेड’ म्हणजे त्याचे तळ. तलाव बुजवून त्याच्या तळावर ही वस्ती झाली. त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी आपल्या जुन्या घरी परत येते आणि रहिवाशांना खुर्च्या-टेबले पलंगावर चढवावी लागतात.

ही माहिती मला दिली ती घरमालकांनी. एका सरकारी उद्योगातून निवृत्त झालेले हे कन्नड अभियंते मितभाषी आहेत. त्यांच्या पत्नीचे माहेर बेळगावचे. “या की हो, बसा की,” असे कानडी हेल काढलेले मराठी कानावर पडले आणि पुढ्यात कुंद्याची बशी आली, तेव्हा परक्या शहरात आल्याची भावना पार मावळली. चाळीस वर्षांच्या संसारात मालकांनाही मराठी कळू लागले आहे. बोलताना मात्र ते हिंदी आणि इंग्रजीचा आधार घेतात.

त्यांच्या बैठकीच्या खोलीतील एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. तिन्ही भिंतींना फळ्या होत्या, पण त्या सगळ्या कमरेच्या उंचीपासून वर सुरू होत होत्या. खालचा भाग मोकळा. फळ्यांवर पुस्तकांसारख्या उभ्या, दाटीने लावलेल्या दोन हजारांहून अधिक ग्रामोफोनच्या रेकॉर्डी होत्या. पाणी एकदा गुडघ्यापर्यंत आले होते, तेव्हापासून त्यांनी खालच्या फळ्या काढून टाकल्या.

त्यांच्या संग्रहात अभिजात संगीत थोडे आणि चित्रपटगीते त्याहून थोडी. त्यांचा जीव अडकला आहे तो १९७० ते १९८० या दशकातील रॉक संगीतात, आणि त्यातही जे फारसे कोणाला ठाऊक नाही अशात. रॉक म्हणजे विजेवर वाजणाऱ्या गिटारी, जोरकस ढोल आणि वरच्या पट्टीतील गाणे. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी त्याला ‘धांगडधिंगा’ या एका शब्दात निकालात काढले होते. मीही काढले होते, हे कबूल केले पाहिजे.

मालकांनी एक काळी तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडांवर तोलून उजेडात तिरपी धरली. तिच्या एका बाजूवर एकच खाच असते, बाहेरून आत गोल गोल गेलेली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने वीस मिनिटे वाजणाऱ्या बाजूवरील ही खाच उलगडून सरळ केली तर चारशे मीटरांहून अधिक भरेल. एवढी वाट सुई खरडत चालते आणि खाचेच्या दोन भिंतींचे चढउतार आवाज होऊन बाहेर पडतात. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी लाखेच्या असत, हातातून पडल्या की काचेसारख्या फुटत. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइल या प्लॅस्टिकची, अधिक वेळ वाजणारी रेकॉर्ड आली आणि पुढे ती आपल्याकडे डमडमच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यातही छापली जाऊ लागली. लाखेची सवय मात्र आपल्याकडे लवकर सुटली नाही. इंग्लंडात बीटल्सची गाणी नव्या तऱ्हेच्या रेकॉर्डींवर निघत असताना भारतात ती ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींवरही निघत होती. जगभरचे संग्राहक त्या भारतीय तबकड्यांसाठी आज जीव टाकतात. मालकांकडे अशी एकच आहे. ती त्यांनी दाखवली, वाजवली नाही.

“विलायती रेकॉर्ड आज ना उद्या कुठेतरी मिळते,” ते म्हणाले, “आपल्या मुलांची मिळत नाही.”

आपली मुले म्हणजे कोण, हे मला त्या संध्याकाळी कळले. पंडित उदयशंकर यांचे चिरंजीव आनंदशंकर यांनी सतारीला विजेच्या वाद्यांची जोड देऊन १९७० साली अमेरिकेत रेकॉर्ड काढली होती. ती तेथे होती. मुंबईच्या ‘सॅव्हेजेस’ या वाद्यवृंदाची ‘ब्लॅक स्कॉर्पिओ’ होती. मुंबईच्याच ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ होती. आपल्याकडे तिची कोणी दखल घेतली नाही आणि पुष्कळ वर्षांनी एका अमेरिकन कंपनीने शोधून काढून तिची नवी आवृत्ती छापली. त्या काळच्या मुंबईची गोष्ट निघाली तशी मी नंदू भेंडे यांचे नाव घेतले. १९७४ साली अॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या संगीतिकेत ज्यूडासचे काम करणारा हा रॉक गायक १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी रंगभूमीवर आला. २०१४ साली ते वारले. “भेंडे म्हणजे आत्माराम भेंड्यांचा मुलगा की हो!” बाई स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाल्या. नवऱ्याच्या या काळ्या थाळ्यांशी आपल्या नाटकवेड्या माहेराचा काही संबंध असेल, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानीमनी आले नव्हते. त्यांनी मालकांकडे असे पाहिले की, एवढे दिवस का सांगितले नाहीत?

ह्या रेकॉर्डी दुर्मिळ का, याचे कारण साधे आहे. मुळात त्या थोड्या छापल्या गेल्या, थोड्यांनी घेतल्या, आणि पुढे कॅसेट आल्यावर घराघरांतून बाहेर पडल्या. चिक्कपेटच्या बाजूला रविवारी भरणारा जुना बाजार, अॅव्हेन्यू रोडची जुन्या पुस्तकांची दुकाने, मुंबईचा चोरबाजार अशा ठिकाणी मालकांनी त्या वेचल्या. एकदा म्हणे रद्दीच्या गठ्ठ्याखाली आधार म्हणून घातलेली रेकॉर्ड त्यांनी अख्खा गठ्ठा विकत घेऊन सोडवली.

मग त्यांनी एक रेकॉर्ड काढली. तिला वेष्टन नव्हते, नुसती पांढऱ्या कागदाच्या पिशवीत होती. मधल्या गोल कागदावरची अक्षरे मी वाचली आणि माझा हात बशीवर तसाच राहिला. ‘सिमला बीट १९७०’.

सिमला नावाच्या सिगारेटची जाहिरात म्हणून इम्पीरियल टोबॅको कंपनीने त्या काळी देशभरातील हौशी वाद्यवृंदांच्या स्पर्धा भरवल्या होत्या. कलकत्ता, मद्रास, मुंबई, अगदी शिलाँगपासून मुले आली. त्यांच्या वादनाच्या दोन रेकॉर्डी निघाल्या, एक १९७० सालची आणि एक १९७१ सालची. जाहिरात सिगारेटची होती हे खेदाचेच. पण त्या मुलांना रेकॉर्डपर्यंत पोहोचवणारे दुसरे कोणी पुढे आले नाही, हेही तितकेच खरे.

ह्यातली पहिली रेकॉर्ड आमच्या घरी होती. माझे थोरले बंधू, दादा, त्या वेळी वीस वर्षांचे होते. मानेवर रुळणारे केस आणि त्यावरून वडिलांशी अबोला. १९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा संगीताचा मोठा मेळा भरला, तेथे ते घरी न सांगता पॅसेंजरने गेले आणि परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. रेकॉर्ड त्यांनी शिकवणीच्या पैशातून घेतली होती. आमच्याकडे यंत्र नव्हते. शेजारच्या वाड्यात जाऊन ते ऐकत. मी धाकटा. मला सोबत नेण्याचा त्यांनी एकदोनदा प्रयत्न केला, पण वडिलांच्या नजरेत भले ठरण्याची मला घाई होती.

पुढे दादा बँकेत लागले, नागपूरला स्थायिक झाले. त्यांच्या पंधरा-वीस रेकॉर्डी माळ्यावर राहिल्या. १९८८ साली वाडा सोडून आम्ही सदनिकेत आलो, तेव्हा सामान कमी करण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्या भंगारवाल्याला वजनावर दिल्या. प्लॅस्टिकच्या भावाने. दादांनी दिवाळीत विचारले, तेव्हा मी सांगितले, “वाळवी लागली होती.” ते ‘बरं’ म्हणाले आणि पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

“हिचे वेष्टन कुठे आहे?” मी मालकांना विचारले.

“वाळवीने खाल्ले. मला मिळाली तेव्हाच नव्हते,” ते सहजपणे म्हणाले. “वाळवी कागद खाते, पुठ्ठा खाते. रेकॉर्डला ती तोंड लावत नाही. कोमट पाण्याने धुतली, मऊ कापडाने पुसली, झाले. पुराचेही तेच. पाणी आले त्या वर्षी तीस वेष्टने गेली, तबकडी एकही नाही.”

दादांना हे ठाऊक नसेल? रेकॉर्ड कशी धरावी, कशी पुसावी, कशी उभी ठेवावी हे वीस वर्षांच्या वयात मला शिकवू पाहणाऱ्या माणसाला?

मालकांनी सुई टेकवली. आधी खरखर, आणि मग एक गिटार, किंचित बेसूर, पण अशी काही उतावीळ, की जणू वाजवणाऱ्याला पुन्हा संधी मिळणार नाही हे ठाऊक होते. गाणाऱ्या मुलाचे इंग्रजी शाळेतले वाटत होते. मला ते संगीत आवडले असे सांगितले तर ती अतिशयोक्ती होईल. पण दादांनी त्यात काय ऐकले असेल याचा अंदाज मला पहिल्यांदाच आला. ती मुले तेव्हा त्यांच्याच वयाची होती. पहिली बाजू संपेपर्यंत कोणी बोलले नाही. नंतर मी त्या पती-पत्नींना भंगारवाल्याची हकीकत सांगितली. बायकोलाही आजवर सांगितली नव्हती.

किंमत विचारण्याचा मोह मला झाला, आणि मी विचारलीही. मालक हसले. परदेशातील एका व्यापाऱ्याने सगळा संग्रह एकरकमी मागितला आहे. मुले दोघेही अमेरिकेत, त्यांना या ओझ्यात रस नाही. शिवाय पुढच्या एप्रिलात हा बंगला बांधकाम व्यावसायिकाच्या ताब्यात जायचा आहे. येथे पाच मजली इमारत होईल आणि यांच्या वाट्याला तिसरा मजला येईल. तेथे पुराचे भय नाही, पण तीन भिंती मावतील एवढी जागाही नाही. “त्याला दिल्या तर जपल्या जातील,” ते म्हणाले. “पण तो त्या पिशवीतून काढणार नाही. पैशाची वस्तू झाली की कोणी वाजवत नाही.” काय करायचे ते त्यांनी अजून ठरवलेले नाही. ‘सिमला बीट’ मात्र ते कोणालाच सुटी विकणार नाहीत. “भावाला येथे घेऊन या,” एवढेच म्हणाले.

रात्री वर जाऊन मी नागपूरला फोन लावला. दादांना आता ऐकू कमी येते, तेव्हा सगळे मोठ्याने सांगावे लागले. खालच्या मजल्यावरही ते ऐकू गेले असणार. भंगारवाल्याचे सांगून झाल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, फोन तुटला.

“कुठली बाजू लावली त्यांनी?” दादांनी विचारले.

“पहिली.”

“दुसरी नाही ऐकलीस?”

“नाही.”

“मग अर्धीच ऐकलीस तू.”

जानेवारीत संघमित्रा एक्सप्रेसने यायचे ठरले आहे. दादांचे गुडघे दुखतात, म्हणून खालचा बाक मिळेल अशा तारखा मुलगी पाहते आहे. मालकांनी दारातल्या तीन पायऱ्यांना कठडा बसवून घेतो म्हटले, तीन महिन्यांसाठी कशाला, असे मी म्हणालो तरी. बाईंनी एवढेच विचारून ठेवले आहे की, दादांना कॉफीत साखर चालते का.