शून्य गुण

‘शास्त्रीय कारणे द्या : रेल्वेच्या रुळांच्या जोडात फट ठेवतात.’ हा प्रश्न मी बावीस वर्षं परीक्षेत घातला. उत्तर पाठ होतं, माझंही आणि मुलांचंही : उष्णतेनं पोलाद प्रसरण पावतं, फट नसेल तर रूळ वाकतील. दोन गुण.

एका सहामाहीत एका मुलानं लिहिलं, ‘आता फट ठेवत नाहीत. रूळ वेल्डिंग करतात.’ पुढे कारण नाही, काही नाही. मी लाल शाईनं शून्य दिलं आणि शेरा मारला, ‘प्रश्न नीट वाचा.’

त्याचे वडील रेल्वेत गँगमन. पालकसभेत सगळे गेल्यावर थांबले. म्हणाले, “सर, पोरगं चुकलं असंल. पण फट कुठं हाये ते मला दाखवा. मी रोज त्याच रुळांवर चालतो.” मी मोठेपणानं म्हणालो, “भाऊ, हे भौतिकशास्त्र आहे. पोलाद कुणाचं ऐकत नाही.”

त्या संध्याकाळी भुसावळहून जळगावला परतताना मी पहिल्यांदा कान दिला. लहानपणी मामाच्या गावी जाताना गाडीखाली जो खटक-खटक, खटक-खटक ठेका वाजायचा, तो नव्हता. कधी बंद झाला, मला पत्ता नव्हता. मी रोज त्या गाडीनं जात होतो आणि रोज वर्गात फट शिकवत होतो.

घरी गणित मांडलं. १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. तेवढी फट पुरते. पण एक किलोमीटरचा सलग रूळ तेवढाच तापला तर जवळजवळ ४६ सेंटिमीटर वाढायला हवा. तो जातो कुठे?

मे महिन्यात फाटकाजवळ त्या भाऊंनीच ते दाखवलं. रुळाच्या सावलीतल्या बाजूला त्यांनी लोहचुंबकानं चिकटणारा गोल तापमापक लावला. सकाळी बातम्यांत ४३ अंश सांगितले होते. थोड्या वेळानं काटा ५९ वर थांबला. “ते हवेचं, सर, सावलीतलं. आमाले रुळाचं लागतं.” त्या तबकडीत दोन धातूंची पट्टी असते, तापली की दोन्ही धातू कमीजास्त वाढतात, पट्टी वळते आणि काटा फिरतो. म्हणजे ज्या प्रसरणानं काटा फिरत होता, तेच प्रसरण शेजारच्या रुळात अडवून धरलेलं होतं.

अडवतात क्लिपा, काँक्रीटचे स्लीपर आणि खडी. सलग रुळाची फक्त टोकं, सुमारे शंभर-शंभर मीटर, हलतात. तिथे सरकता सांधा असतो. मधला भाग जागचा हलत नाही. पण न झालेली वाढ नाहीशी होत नाही, तिचा दाब होतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला जवळपास १.८ टन. म्हणून रूळ पक्का करतात तो वर्षभराच्या सरासरीपेक्षा थोड्या जास्त तापमानाला. उन्हाळ्यातला दाब आणि थंडीतला ताण दोन्ही झेपावेत यासाठी. त्या तापमानाच्या २० अंश वर रूळ गेला की भरदुपारी गस्त सुरू होते. खडी कुठे मोकळी झाली, रूळ कुठे बाजूला सरकायला बघतोय, हे भाऊ चालत चालत पाहतात.

पुस्तक खोटं नव्हतं. यार्डातल्या जुन्या, आखूड रुळांना आजही फिशप्लेट आणि फट असते. खोटा होता माझा समज की प्रसरण अडवताच येत नाही. ते अडवता येतं. त्याची किंमत दाबात मोजावी लागते, आणि ती नीट मोजायला कुणाला तरी उन्हात चालावं लागतं.

आता मी प्रश्न असा घालतो : ‘सलग जोडलेले रूळ उन्हाळ्यात का वाकत नाहीत?’ तो मुलगा केव्हाच दहावी होऊन गेला. त्याला वस्तुस्थिती माहीत होती, कारण माहीत नव्हतं. मला कारण माहीत होतं, वस्तुस्थिती नव्हती. शून्य मात्र एकट्या त्यालाच मिळालं.