वाशिमच्या जाऊबाईंचा लॅपटॉप

होळी झाली आणि वाशिमहून माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, चार दिवस या ना. येताना तुमचा तो काळा लॅपटॉप घेऊन या. अन् घरात कोणाले सांगू नका."

'कोणाले' म्हणजे आमच्या ह्यांना आणि भाऊजींना, हे मला न सांगताच समजलं. मी ह्यांना म्हटलं, सासूबाईंना पाहून येते. ते काही खोटं नव्हतं. जुन्या चादरीची पिशवी शिवली, तिच्यात लॅपटॉप गुंडाळला आणि अमरावतीहून सकाळची एसटी धरली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. त्यामुळे अशा गुपचूप प्रवासाचे पैसे घरखर्चातून निघतात.

कारंज्याला गाडी थांबली की मी नेहमी उतरते. एक चहा, आणि वेळ असला तर गुरुमंदिराकडे तोंड करून नमस्कार. लहानपणी इथे मावशीकडे यायचो तेव्हा 'शकुंतला' चालू होती. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ती इवलीशी गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून इथे धावू लागलं आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलं. सत्तर वर्षं! आता ती गाडीही बंद झाली आहे. पण त्या दिवशी मांडीवर पिशवी सांभाळत बसले होते, म्हणून ती आठवली. माझा लॅपटॉप २०१२ च्या बांधणीचा. घरातली मुलं त्याला 'आजोबा' म्हणतात. त्याच्या कळफलकाच्या मधोमध कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका आहे, त्यावरून मुलांनी त्याला आजी का म्हटलं नाही कोण जाणे.

मंगरूळपीर मागे पडलं. दोन्ही बाजूंना काढणी झालेली मोकळी रानं, मध्येच हळदीचा एखादा तुकडा, आणि अकरा वाजताच खिडकीतून येणारी गरम झळ. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पण माझ्या जावेच्या दृष्टीनं वाशिमच्या इतिहासातली मोठी तारीख एकच, १ जुलै १९९८. त्या दिवशी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. जिल्हा झाला की कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्या आल्या की अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे आले. म्हणजेच टाइपिंगची कामं आली.

आता गुपिताचं सांगते. लग्नाआधी हिनं मराठी टाइपिंगची परीक्षा दिलेली आहे. टंकयंत्रावर, मिनिटाला चाळीस शब्दांची. मग संसार, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण यांत बोटं भाकरी थापण्यात गेली. मुलं शिकायला बाहेर गेली तेव्हा ओळखीच्या एका वकिलीणबाई म्हणाल्या, घरी बसून कागद टाइप करून दे, पानामागे पैसे देईन. हिनं पापड-शेवयांतून साठवलेले नऊ हजार काढले आणि दिवाळीत एका दुकानातून जुना लॅपटॉप आणला. "आय-फाइव्ह आहे काकू, एकदम पॉवरफुल," असं तो माणूस म्हणाला. घरी आल्यावर तो सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागायची, वीज गेली की पाव तासात मान टाकायचा, आणि महिन्याभरानं कायमचाच बसला. बिल नाही, लेखी काही नाही. दुकानदारानं कानावर हात ठेवले. भाऊजी फार बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "झालं ना? आता नाद सोड." ते वाक्य मात्र हिला नऊ हजारांपेक्षा जास्त लागलं.

"आता माझ्याकडे सोळा हजार आहेत ताई," ती मला मोरीत भांडी घासता घासता हळूच म्हणाली. "भिशी लागली. हे गेले, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मी म्हटलं, तो मेलेला आधी दाखव. त्याच्या तळाशी, आतल्या चिकटपट्टीवर आय-फाइव्हपुढे आकडा होता २५२०. तिथेच सगळं आलं. मैत्रिणींनो, 'आय-फाइव्ह' हे नुसतं आडनाव झालं. पिढी पुढच्या आकड्यावरून कळते. २५२० मधला पहिला दोन म्हणजे दुसरी पिढी, साधारण २०११ ची. ८३५० असेल तर आठवी. आकडा पाच अंकी झाला, म्हणजे १०२१० असा, तर पहिले दोन अंक घ्यायचे, दहावी पिढी. दुकानदार आडनाव सांगून गप्प बसतो, आपण पूर्ण नाव विचारायचं, जसं सोयरीक जुळवताना विचारतो. आणि आज आठव्या पिढीलाच का महत्त्व? तर विंडोज-दहाच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, आणि विंडोज-अकरा इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच रीतसर चालतं. त्याच्या आधीची यंत्रं म्हणून स्वस्त झाली आहेत. ती टाकाऊ नाहीत. माझे आजोबा तिसऱ्या पिढीचे, त्यांच्यावर मी लिनक्स घालून घेतलं आहे. फुकट मिळतं, आणि माझं लिहिणं-वाचणं, मुलांशी बोलणं सगळं होतं. पण कचेरीची कामं करायची, त्यांच्याच पद्धतीच्या फायली लागतात, तर जावेसाठी आठवी पिढीच बरी, असं माझं मत पडलं.

संध्याकाळी बालाजीच्या देवळात जाऊन आलो. परत येतो तर ओट्यावर तिघीजणी आपापली यंत्रं घेऊन बसलेल्या! शेजारच्या शाळेतल्या बाई, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या काकू, आणि कॉलेजात शिकणारी त्यांची पुतणी. तिघींचेही जुनेच. वर्षानुवर्षं जुनं वापरणाऱ्या बायकांना जे ठाऊक असतं ते दुकानदार सांगत नाही, हे मला त्या ओट्यावर पटलं.

शाळेतल्या बाईंनी पहिला मुद्दा काढला तो धुळीचा आणि उन्हाचा. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते आणि तो तव्यासारखा तापतो. बाई तो चक्क पोळपाटावर ठेवतात. कूलरच्या अगदी समोरही ठेवू नये, ओली हवा आत जाते. "अन् वर्षातून एकदा आतला पंखा साफ करून घ्यायचा. आपण नाही का छताचा पंखा पुसत?" काकूंच्या यंत्राला हात लावला की मुंग्या येत. मला वाटलं बॅटरी. पुतणी म्हणाली, नाही, घराचं अर्थिंगच नाही. चार्जर तीन पिनांचा, पण भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. वायरमन बोलावून ते करून घेतलं, मुंग्या गेल्या. हे मात्र लॅपटॉपवाल्यांनीच काय, फ्रिजवाल्यांनीही आज घरी जाऊन पाहावं.

काकूंचं जुनं यंत्र आधी मुंगीच्या पावलानं चालायचं. त्यातली फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि चहाचं आधण ठेवून परत यायची सवयच मोडली. त्या जुन्या डिस्कमध्ये कोणाच्या तरी लग्नाचे दोन-तीनशे फोटो निघाले. नवरी कुठली, कोण जाणे. काकूंनी ते बघून बघून पुसून टाकले. "मले तर ती नवरी ओळखीची वाटाले लागली होती," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो, पण मला जरा धस्स झालं. आपण आपला जुना देताना काय काय आत ठेवून देतो! घेतलेलंही आधी पूर्ण पुसून, नव्यानं विंडोज घालून मगच बँकेचं काम करावं, हे त्या पोरीनं बजावलं.

सासूबाई आतून ऐकत होत्या. "जुना तांदूळ चांगला, जुनी चिंच चांगली. यंत्र कायले जुनं पाह्यजे?" असं म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "उद्या पोराले मी सांगतो, सुना अकोल्याले डोळे दाखवाले गेल्या म्हणून."

मग सकाळच्या गाडीनं अकोल्याला निघालो. ही अकोला-पूर्णा लाइन २००८ मध्ये रुंद झाली. मला अजून मीटरगेजचा तो हेलकावा आठवतो. जावेनं पैसे तीन ठिकाणी ठेवले होते, ते सांगत नाही.

पुतणीनं चिठ्ठी लिहून दिली होती. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि सुरू होताना कळ दाबायची. डेलला एफ-टू, एचपीला एफ-टेन, लेनोवोला एफ-वन. आतला मूळ पडदा उघडला तर ठीक. पासवर्ड मागितला तर उठायचं. आम्हाला हे फारसं समजलं नव्हतं. पहिल्या दुकानात एक रुपेरी, देखणा लॅपटॉप जावेला आवडला. वर काचेसारखी चकाकी, चौदा हजार. चिठ्ठीप्रमाणे कळ दाबली, तर समोर कुलूप आणि पासवर्डची चौकट! पोरगा म्हणाला, "ते काही लागत नाही मावशी, वापरायला अडत नाही." तो यंत्र एखाद्या कंपनीचं असावं, किल्ली त्यांच्याकडेच राहिलेली. उद्या विंडोज पुन्हा घालायची वेळ आली तर आपण दाराबाहेर. आणि ते चोरीचं नसेल याची तरी काय खात्री? जावेचा चेहरा उतरला. मी तिचा हात धरून बाहेर आणलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "मागच्या वेळीही असाच चकचकीत होता."

दुसऱ्या दुकानातला माणूस शांत होता. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून एकदम शेकड्यानं काढतात, तसलेच त्याच्याकडे होते. त्यात एक काळा, माझ्या आजोबांचाच धाकटा भाऊ शोभेल असा, लाल टिकलीचा. थिंकपॅड हे नाव १९९२ पासूनचं, आधी आयबीएमचं, २००५ पासून लेनोवोचं. हा २०१८ च्या सुमाराचा. आकडा पाहिला, ८३५०. आठ जीबी रॅम, एसएसडी. कोपरा थोडा झिजलेला, पण मला ती झीज आवडली. उगाच नवी चकाकी चिकटवलेली नव्हती. कुलूप नव्हतं.

मग मडकं वाजवून घेतात तशी आम्ही सुरुवात केली. पांढरं पान उघडून पडद्यावर डाग आहेत का पाहिले. बिजागरी उघडझाप केली. पेन ड्राइव्ह प्रत्येक भोकात घालून पाहिला, माझ्या मोबाइलवरून इंटरनेट जोडलं, कॅमेऱ्यात दोघींची तोंडं बघितली. चार्जर काढून ठेवला आणि म्हटलं, आम्ही अर्धा तास बसतो. त्यानं पाणी दिलं. बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा म्हटलं तर तोही काढला. त्यात दोन आकडे असतात, नवी असताना किती भरायची आणि आता किती भरते. आमची शंभराला ऐंशीच्या आसपास निघाली. निम्म्यावर असती तर नव्या बॅटरीचे पैसे आम्ही भावातून कापून मागितले असते. आणि टचपॅड वर उचलला गेलेला दिसला, तर समजावं आतली बॅटरी फुगली आहे. असं यंत्र घरी आणू नये, चार्जिंगला लावू नये.

शेवटी राहिला कळफलक. त्यानं मराठी सुरू करून दिलं, पण ते इनस्क्रिप्ट. हिची बोटं टंकयंत्राची! एक ओळ टाइप केली तर भलतंच उमटलं. मला वाटलं आता ही रडते. तो माणूस म्हणाला, टंकयंत्राच्या ठेवणीचा कळफलकही घालता येतो. पाच मिनिटांत घातला. जाऊ खुर्चीत सरळ बसली, पदर खोचला आणि मान वर ठेवून, कळांकडे न बघता लिहू लागली: 'मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की'... सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी! दुकानातली दोन पोरं येऊन मागे उभी राहिली. एका जोडाक्षरापाशी अडली, पण थांबली नाही.

साडेसोळा सांगितले होते, पंधरा हजार दोनशेला ठरलं. बिलावर यंत्राचा नंबर, तारीख, शिक्का आणि 'सहा महिने वॉरंटी' एवढं त्याच्या हातून लिहून घेतलं, आणि तळाचा नंबर बिलाशी ताडून पाहिला. जोडीला मूळ कंपनीचाच चार्जर मागून घेतला. स्वस्तातले चार्जर तापतात. परतीच्या गाडीत तिनं पिशवी मांडीवरून एकदाही खाली ठेवली नाही.

घरी भाऊजींनी विचारलं, "काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?" सासूबाई म्हणाल्या, "डोळे चांगले हायेत म्हणे." तेवढ्यात वीज गेली. अंधारात जावेनं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बिल घेतलं का?" तिनं बिल पुढे केलं. त्यांनी मोबाइलच्या उजेडात ते दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं.

आत्ता परवा तिचं पत्र आलं, पोस्टानं, टाइप केलेलं. वकिलीणबाईंची एकोणीस पानं झाली, पहिले नऊ हजार बुडाले ते बुडालेच, आणि कळांवर चिकटवायची मराठी अक्षरं वाशिमात मिळत नाहीत, अमरावतीत मिळाली तर पाठवा, असं त्यात होतं. तिला नकोत ती, तिला बघावं लागत नाही. सासूबाईंना हवी आहेत. त्या दुपारी एकेक कळ दाबून आपलं नाव लिहितात.