काळीभोर माती, काळाकुट्ट अंधार

गोदाकाठी पुणतांब्यात वाढलो. तिथं रंग कधी एकटा आलाच नाही. ऊस हिरवागार, मिरची लालभडक. पाऊस लांबला की रान कोरडंठाक, बरसला की माणसं ओलीचिंब. आजीच्या बोलण्यात अंधार काळाकुट्ट असायचा, पण मातीला ती 'काळीकुट्ट' कधी म्हणाली नाही. माती काळीभोर. गाईचे डोळेही काळेभोर. रंग तोच; पण 'भोर'मध्ये माया होती, 'कुट्ट'मध्ये धास्ती. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र आणि घाबरलेल्याचा चेहरा पांढराफटक, तोही न्याय हाच.

गावात चांगदेवांची समाधी आहे. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं आणि उत्तरादाखल ६५ ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' आली, ही कथा लहानपणीच कानावर पडली. त्या कथेतलं 'कोरं' म्हणजे रिकामं. शाळा उघडताना मिळालेली वही मात्र कोरीकरकरीत! तिला नवेपणाचा वास असायचा.

कॉलेजात मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) हाती आलं आणि शब्दांची घडण न्याहाळायची सवय लागली. हिरवागार मळा, हिरवीगार वेल, हिरवंगार शेत, हिरव्यागार रानात. लिंग बदलो, विभक्ती बदलो, सगळी उलथापालथ शब्दाच्या पोटात. शेवटचं 'गार' जागचं हलत नाही. बोलताना जोर द्यायचा तर आपण व्यंजनच दुप्पट करतो: थंडग्गार!

पुढे भाचा नोकरीसाठी आइंडहोव्हनला गेला. त्यानं डच भाषेतला 'पिकझ्वार्ट' सांगितला. पिक म्हणजे डांबर, झ्वार्ट म्हणजे काळा. रंग गडद करणारा शब्द तिथं आधी येतो, आपल्याकडे मागून. डचमध्ये प्रत्यय लागतो तो शब्दाच्या अगदी शेवटी आणि आघात बहुधा दोन्ही तुकड्यांवर पडतो. इतक्या दूरच्या माणसांनाही नुसता 'काळा' पुरला नाही, याचा मला फार आनंद झाला.

आता घरोघरी 'एकदम काळं', 'खूप हिरवं' ऐकू येतं. 'एकदम' कशालाही जोडता येतं, म्हणूनच ते माती आणि अंधार यांतला फरक सांगत नाही. मुलांना पावसाळ्यात रानात न्या, समोर दिसेल त्याला त्याच्या पुऱ्या नावानं हाक मारा. कुठल्या रंगामागे कोणता शब्द लावायचा, याचा नियम व्याकरणात सापडत नाही. तो घरातल्या मोठ्यांच्या तोंडूनच मुलांपर्यंत पोचतो.