नऊ बाय तेरा

अमेरिकेत नऊ बाय तेरा इंचांचा ट्रे नसलेलं घर विरळाच. शाळेचा बेक सेल असो, चर्चमधलं जेवण असो की ऑफिसातल्या कुणाचा निरोप, ट्रे हाच. केक त्यातून बाहेर काढायचाच नाही. त्यातच आयसिंग फासायचं, त्यातच तुकडे पाडायचे आणि झाकण लावून गाडीत ठेवायचा. उलटा करताना मोडेल, वरचा थर घसरेल, असली धास्ती नाही. ताटात वड्या थापून सुरीने रेघा ओढणाऱ्या हातांना यात नवं शिकण्यासारखं काही नाही.

*

अंड्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. या ट्रेतला केक बहुधा खोक्यातल्या तयार मिश्रणाचा, आणि अशा मिश्रणात नुसतं पाणी घालून केक होतो म्हटल्यावर बायकांना अपराधी वाटायचं. मग अर्न्स्ट डिख्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सुचवलं की अंडं त्यांनाच फोडू द्या, आणि खप वाढला. गोष्ट झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्सचा धंदा मोलॅसिसचा, म्हणजे उसाच्या काकवीचा. ती पिठाबरोबर सुकवून त्यांनी जिंजरब्रेडचं मिश्रण केलं आणि १९३३ मध्ये पेटंट मिळवलं. १९३५ च्या पुढच्या पेटंटमध्ये अंड्याची पावडर वगळून ताजी अंडी घालायला सांगितली आहेत. गृहिणींना ताजी अंडीच बरी वाटतात, हेही त्यात लिहिलेलं आहे. डिख्टर अमेरिकेत आला १९३८ साली.

शिवाय ताज्या अंड्यांनी केकच चांगला होतो. पावडरीने चव बिघडते. एवढं साधं कारण समोर असताना मनाच्या तळाशी कशाला जायचं?

*

मिश्रणाच्या खोक्यांवर ज्यांची नावं असतात, त्यांतली बेटी क्रॉकर नावाची बाई कधीच नव्हती. १९२१ मध्ये पिठाच्या कंपनीने ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला ते नाव तयार केलं. डंकन हाइन्स मात्र खराखुरा माणूस. फिरता विक्रेता होता, वाटेवरच्या चांगल्या खाणावळींची पुस्तकं काढायचा.

*

खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक असतात. पहिलं नाव बहुधा साखरेचं, पीठ त्यानंतर. पिठापेक्षा साखर जास्त घातली तर घरच्या साध्या मैद्याचा केक मधोमध बसतो. खोक्यातला बसत नाही, कारण अमेरिकेत केकच्या पिठावर क्लोरीन वायूची प्रक्रिया करतात. त्याने पिठातला स्टार्च जास्त पाणी धरतो, जास्त साखर पेलतो. (युरोपीय संघात अशा पिठाला परवानगी नाही.) जोडीला स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर. म्हणून थोडं जास्त फेटलं, पाणी चमचाभर चुकलं, तरी हा केक ते पोटात घालतो. ‘खोक्यातला का?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तेवढाच ओलसर केक साध्या मैद्यात करून दाखवावा.

*

पूर्वी खोकं सव्वाअठरा औंसांचं असे. मग सव्वापंधरा झालं, आता काही कंपन्यांचं सव्वातेरा. जुन्या पाककृतीच्या कार्डांवर मात्र ‘एक खोकं’ एवढंच लिहिलेलं. ट्रे तोच, म्हणून केक बुटका. भाव बुटका झालेला नाही.

*

अमेरिकेतल्या मराठी मंडळात गणपतीला केक न्यायचा तर पहिला प्रश्न ठरलेला, “अंडं नाही ना गं यात?” त्यावर सोपा तोडगा आहे. अंडी, तेल, पाणी काहीच नको, कोरड्या मिश्रणात बारा औंसांचा सोड्याचा एक कॅन ओतायचा. पांढऱ्या केकला लिंबाचा, चॉकलेटला कोला. चुरा जरा जास्त पडतो, पण फुगतो छान. वर मार्शमॅलो मात्र लावू नयेत. त्यांत बहुधा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात.

*

ट्रे गडद रंगाचा असेल तर भट्टी ३५० ऐवजी ३२५ फॅरनहाइटवर ठेवावी. गडद पत्रा कडा आधी करपवतो आणि मधला भाग कच्चा राहतो. काडी मधोमध टोचून पाहावी, कडेला नव्हे.

*

टेक्सास शीट केक या पसरट चॉकलेट केकची युक्ती खोक्यातल्या चॉकलेट केकलाही चालते. केक भट्टीतून यायच्या सुमारास लोणी, कोको आणि दूध उकळायचं, पिठीसाखर घोटायची आणि ते गरम आयसिंग गरम केकवरच ओतायचं. थोडं आत मुरतं, उरलेल्याचा वर चकचकीत पापुद्रा धरतो. हात चटचट चालायला हवा. आयसिंग निवल्यावर पसरवायला गेलं की केकची सालच सुटून येते. वर भुरभुरायचे पेकनचे दाणे आधीच चिरून ठेवावेत.