पहिली रांग नसलेला नाच

स्नेहसंमेलन जवळ आलं की भोर-वेल्ह्याकडच्या शाळांत एखादं चालू हिंदी गाणं ठरतं. बाई मोजक्या मुली निवडतात. त्यातली सफाईदार पहिल्या रांगेत, अडखळणारी मागे, आणि बाकीचा वर्ग सतरंजीवर बसून बघतो. पालक रंगमंचाचे फोटो काढतात. मी शारीरिक शिक्षणातला माणूस, माझं लक्ष सतरंजीकडे असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करायला हवी. याच संघटनेने १४६ देशांच्या माहितीवरून २०१६चं चित्र मांडलं, त्यात ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं या मापात बसली नाहीत. मुलींचं प्रमाण ८५ टक्के! खेड्यातली पोरं आपसूक दमतात हा शहरवाल्यांचा गोड समज. आता शाळेला एसटी नाहीतर वडिलांची दुचाकी, संध्याकाळी मोबाईल. मुलगी वयात आली की मैदान मुलांच्या क्रिकेटचं होतं, ती कडेने घरी जाते.

मैदान तरी कुठलं? वेळवंडीवर १९२८ साली भाटघरचं धरण उभं राहिलं. आज ज्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात त्याच्या लांबट फुगवट्याभोवती गावं डोंगरउतारावर टेकलेली आहेत. सपाट जागा भातखाचरांची. क्रिकेटला मैदान लागतं, लेझमीला मात्र खळ्याएवढी जागा पुरते. आणि ढोल-लेझीम इथे बाहेरून आणावी लागत नाही, ती जत्रेत आहेच. शाळेत ती २६ जानेवारीपुरती कपाटाबाहेर येते, एवढंच दुखणं.

लेझीम व्यायाम म्हणून कशी आहे, हे ओळखायला यंत्र नको. खेळताना बोलता येतं पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांतच थांबून श्वास घ्यावा लागला, तर जोरकस. संथ चालीत पहिली अवस्था येते, लय दुप्पट झाली की दुसरी. खाली बसून उठताना मांड्या आणि नितंबांचे स्नायू कामाला लागतात, पुढे वाकताना कंबर सावरावी लागते, उड्यांचा दाब हाडांना हवाच असतो. हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आत उरकते, म्हणून मला आठवी-नववीतल्या मुलींची घाई. एक पथ्य: उड्या मातीवर घ्या, सिमेंटवर नकोत, आणि वाकताना पाठीची कमान होऊ देऊ नका.

झुंबाला माझा विरोध नाही. मुलांना आवडतं ते लावावं, लावतोही. पण पडद्यावरच्या बाईंची नक्कल करताना ज्याचं पाऊल चुकतं तो लाजून मागे सरकतो. लेझमीचा गोल फिरता, त्यात मागची जागाच नाही. चुकलेला पुढच्या ठोक्याला शेजाऱ्याकडे बघून सावरतो.

शाळांना एवढंच सांगतो, निवड बंद करा. आठवड्यातून तीन दिवस, मुलगे-मुली एकत्र, अख्खा वर्ग. आणि स्पीकरऐवजी गावातला ढोलवाला बोलवा. कोण धापा टाकतंय हे त्याला दिसतं, तो ठेका उतरवतो; पोरं तरतरीत दिसली की चढवतो. त्याचं मानधन मात्र वेळेवर द्या, जत्रेच्या दिवसांत तो मिळत नाही.