सवण्यातली वीत

माळवदावर चढलं की आमचे मिस्त्री आधी सवण्यापाशी जाऊन बसायचे. आत उजेड यावा, चुलीचा धूर बाहेर पडावा म्हणून छताला ठेवलेलं ते भोक. त्यात हात सोडून ते कडेच्या मातीचा थर वितीनं मोजत. मी नवाकोरा इंजिनिअर. म्हातारा उगाच वेळ काढतोय, असं वाटायचं.

मराठवाड्यातल्या या माळवदाच्या घराची रचना सरळ आहे. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर निंबाचा पाला आणि वर चोपलेली पांढरी माती. शेतातली काळी इथं कामाची नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते आणि भेगांतून पुढचा पाऊस घरात उतरतो. पांढरी घट्ट बसते. पन्हाळीकडे जरा उतार दिला की पाणी रेंगाळत नाही. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असले तरी माजघरात दुपारची झोप लागते.

तरी माळवद गळतंच. मग मिरगाआधी चार पाट्या माती वर पडायची. बापानं टाकली, पोरानंही टाकली. खालची कुणी काढली नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार टनांच्या पुढे वजन. थर वितीपल्याड गेला, की मिस्त्री घमेलं बाजूला सारून खोरं मागायचे. “पैले उतरवा. लई वझं झालं.”

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हलली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि त्यांच्यावर टेकलेली माळवदं अंथरुणांवर आली. छताचा भार लाकडी खांबांवर होता, अशा काही घरांच्या भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. पण एवढा फरक करत बसायला कुणाला धीर होता? माळवद लोकांच्या मनातूनच उतरलं. त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

अजूनही कुणी जुनं घर दुरुस्तीला बोलावतं. परवा एका माळवदावर चढलो, सवण्यात हात घातला. कोपरापर्यंत मातीच लागली.

“किती ट्रॉल्या माती सांगू?” मालकानं खालून विचारलं.

“ट्रॉली रिकामीच आणा,” मी म्हणालो.